प्रकाशशास्त्र विभाग, शेवटचं वर्ष

९ जानेवारी २०२५, गुरुवार

बंद!

विद्यापीठाचा आदेश आला. जूनपासून प्रकाशशास्त्र संशोधन विभाग भौतिकशास्त्र विभागात 'विलीन'. विलीन म्हणे! म्हणजे आमच्या खोल्या त्यांच्या आणि आमचं नाव कुणाचंच नाही. विभागप्रमुख मी, आणि विभागही मीच — बाकीच्या जागा रिकाम्या झाल्या त्या पुन्हा भरल्याच नाहीत. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. तेवढंही थांबता आलं नाही त्यांना.

खाली आणखी एक ओळ. विभागाचा आणि संस्थापकांचा इतिहास लिहून द्यावा, स्मरणिकेत छापू. मारायचं, आणि वर मृत्युलेख घरच्यांकडूनच लिहून घ्यायचा.

घरी येऊन फैयाजना सांगितलं. म्हणाले, "आधी चार घास खा." खाल्ले गेले नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

इतिहास लिहायला बसले. 'विभागाची स्थापना १९८४ साली डॉ. गहिनीनाथ गर्जे यांनी केली.' पुढे हात चालेना.

सरांना अजून कळवलेलं नाही. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला हे फोनवर कसं सांगायचं?

१९ जानेवारी, रविवार

जाऊन आले. पाथर्डीपर्यंत एसटी, पुढे जीप. सर अंगणात उन्हाला बसले होते, पाठ अजून ताठ. मालनकाकू तूर पाखडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, सबिहा! वाळलीस लई."

सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. टेबलावर मूठ आपटतील, पूर्वी आपटायचे तशी. नुसतं "बरं" म्हणाले. मग, "इतिहास मागितलाय ना? मग लिहून घे. नंतर उलटंसुलटं छापाल."

दुपारभर बोलत होते. आईबाप उसाच्या तोडीला जायचे, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत हे वाढले, ते मला ठाऊक होतंच. पण जर्मनीहून परत का आले, ते आज पहिल्यांदा सांगितलं. "तिथं माझ्यावाचून काही अडत नव्हतं," म्हणाले. इथं तेव्हाच्या कुलगुरूंनी खोली दिली ती जुन्या बाकांच्या गोदामाशेजारची. होलोग्राम करायचा तर टेबल जराही हलता कामा नये. परदेशातून टेबल मागवायला विद्यापीठ तयार होईना. सर खाणीवर गेले, काळ्या दगडाची एक फरशी निवडली, घासून घेतली, आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर ठेवली! लोक बघायला यायचे. लष्कराचे रणगाडे रस्त्याने निघाले की सगळं थांबवायचं — जमीन धडधडायची, पडद्यावरचे प्रकाशाचे पट्टे थरथरायचे.

पहिला होलोग्राम काकूंच्या पुतळ्यांच्या माळेचा. लाल प्रकाशात काचेमागे माळ दिसायची, आणि जो तो मागे हात घालून बघायचा. काकू हसून म्हणाल्या, "माझ्या सासूबाई म्हनल्या हुत्या — माळ काचंत गेली, आता घालायची कशी?"

सरही हसले. निघताना मात्र फाटकापर्यंत आले नाहीत. नेहमी येतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. भौतिकशास्त्राचे लोक आमच्या खोल्यांसमोर उभे राहून कुठली भिंत पाडायची ते बोलत होते. मी ऐकतेय हे त्यांना दिसत होतं.

घरी येऊन लिहिलं. स्मरणिकेत जाणार नाही, पण इथे लिहिते. एमएस्सी झाले तेव्हा अब्बांनी साफ सांगितलं, पुरे झालं. कापड बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान. एक दिवस सर दुकानात गेले, डोळे तपासून घेतले, फ्रेम निवडायला तासभर लावला. अब्बांना विचारत राहिले — ही काच कशी घासता, नंबर कसा काढता. ओळख सांगितली नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या मुलीला हेच काम करायचंय, जरा मोठ्या काचांवर. मी तिचा शिक्षक." अब्बांनी पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी घरी येऊन अम्मीला एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला."

ती फ्रेम सरांना मुळीच शोभत नव्हती. किती तरी वर्षं वापरली त्यांनी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चांगली वर्षं लिहिताना हात भराभर चालला. परदेशी पाहुणे, परिषदा, मुलं थेट केरळातून यायची. मग सर निवृत्त झाले. एक प्राध्यापक गेला, जागा गोठवली. दुसरी गेली, तीही गोठवली. लेसरची नळी जळाली, नवी मंजूर होईना. मुलं कॉम्प्युटरकडे वळली. गावात उड्डाणपूल झाला आणि टेबल दिवसभर हलायला लागलं. मी दरवर्षी मागणी पाठवली. दरवर्षी!

हे सगळं लिहायचं, की 'कालांतराने विद्यार्थिसंख्या घटली' एवढंच?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुलगुरूंना भेटले. म्हटलं, निदान फेरविचार करा. त्यांनी चहा मागवला. गोड बोलत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माहीत नाही का? गर्जे सरांनीच विलीनीकरणाच्या समितीपुढे येऊन सांगितलं, हा विभाग बंद करा. आम्ही फक्त त्यांच्या इच्छेला मान दिला."

मी म्हटलं, शक्य नाही.

"समितीत तुमची जया होती की. विचारा तिला."

जया माझ्या हाताखाली पीएचडी झाली, आता पुण्यात प्राध्यापक आहे. बाहेर येऊन लगेच फोन लावला. म्हणाली, "हो ताई. सर तसं म्हणाले." आणि घाईत आहे म्हणून ठेवला.

म्हणजे मी त्या अंगणात बातमी सांगत होते, आणि त्यांना सगळं माहीत होतं! 'बरं' म्हणाले!

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्याच गाडीने गेले. बसलेसुद्धा नाही.

"सर, तुम्ही सांगितलंत बंद करा म्हणून?"

"हो."

"का?"

"मी सुरू केलं, मी बंद केलं."

असं! मी म्हटलं, तुम्हाला निवृत्त होऊन वीस वर्षं उलटून गेली. तेव्हापासून तिथं मी आहे. पुण्याहून बोलावणं आलं तेव्हा गेले नाही, कारण तुम्ही म्हणाला होतात, माझ्यामागे तू बघ. लेक कॅनडात बाळंत झाली, मी प्रयोगशाळा सोडून गेले नाही. आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत?

सर जमिनीकडे बघत होते. "विचारलं असतं तर तू भांडली असतीस."

"भांडले असतेच!"

"म्हणूनच."

काकू दारात आल्या. "अवो, सांगा की तिला —"

"चहा टाक तू," सर ओरडले. काकूंवर ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, मग इतिहासही तुम्हीच लिहा. आणि निघाले. काकू मागून "चा तरी घे गं" म्हणत राहिल्या. वळून बघितलं नाही. जीपमध्ये शेजारची बाई विचारत होती, कुणी गेलं का घरातलं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांचा फोन. उचलला नाही.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. फैयाज म्हणाले, "राग घेऊन रोजा धरतेस?" मी म्हटलं, राग नाही. राग आहे. सरांचा पुन्हा फोन आला होता. मी नमाजला उभी होते — हे निमित्त आहे, मला कळतं.

इतिहास पुरा केला. कोरडा. 'संस्थापकांच्या इच्छेनुसार विभागाचे विलीनीकरण करण्यात आले.' पाठवून दिला.

१२ मार्च, बुधवार

काकूंचा फोन. "सर जेवत न्हाईत नीट. तुजं नाव काढत्यात. येऊन जा एकदा." रोजे चालू आहेत, ईदनंतर बघते म्हटलं. काकू म्हणाल्या, "बरं बाई. तुमचा उपास कडक असतो, म्हाईत हाय मला." त्यांच्या या समजूतदारपणाने फार लाज वाटली. तरी 'येते' म्हटलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

सर गेले.

१९ मार्च, बुधवार

काल दुपारी शेताच्या कडेला अग्नी दिला. फैयाज बरोबर आले. ऊन रणरणत होतं, घसा कोरडा. कुणी तरी पाण्याचा तांब्या पुढे केला, काकूंनीच त्याला अडवलं — "तिचा रोजा हाय." नवरा समोर सरणावर, आणि बाईला माझ्या रोजाची आठवण!

विभागाची जुनी मुलं कुठून कुठून आली होती. केरळचा एकजण मिळेल ते विमान पकडून आला. सगळे माझ्याकडेच येत होते. धीर देत होते, जशी काही मी थोरली लेक. मला प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं, मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. सांगितलं नाही.

चेहरा बघितला. चष्मा काढलेला. नाकावर त्याचे खळगे तसेच.

रडू आलं नाही. अजून राग आहे. मेलेल्या माणसावर राग धरून ठेवायचा, तर तो ठेवायचा कुठे?

२७ मार्च, गुरुवार

दहावा. कुलगुरू आले होते, भाषण केलं. "स्वतः उभारलेली संस्था स्वतः मिटवायला मोठं मन लागतं." लोकांनी माना डोलावल्या. काकू एकदम उठून आत गेल्या.

जयाही आली होती, लांब खांबापाशी. मी बघितलं की नजर फिरवायची. निघताना जवळ आली, माझा हात धरला, डोळे भरलेले. म्हणाली, "ताई, फोन करते. इथे नको." काय नको? गाडीत बसून गेली.

३१ मार्च, सोमवार. ईद.

सकाळीच जयाचा फोन. मुबारक म्हणाली आणि रडायलाच लागली.

समितीचा अहवाल आधीच लिहून तयार होता. विभाग बुडाला तो विभागप्रमुखांच्या हलगर्जीपणामुळे, त्यांची चौकशी करावी. माझी! माझ्या सगळ्या मागण्या कुणी तरी दाबून ठेवलेल्या, आणि दोष माझ्यावर ढकलायचं ठरलेलं. जयाने गुपचूप सरांना कळवलं. सर पाथर्डीहून एकटे एसटीने आले. समितीला म्हणाले, लिहा, संस्थापकालाच हा विभाग नको आहे. तिचं नाव कुठे येता कामा नये. आणि जयाकडून शब्द घेतला — मी असेपर्यंत सबिहाला कळू द्यायचं नाही, ती लढायला उभी राहील आणि हे लोक तिला संपवतील.

मग काकूंना फोन लावला. पलीकडून त्याच म्हणाल्या, "कळलं का गं?"

हो म्हटलं.

"रोज तुला सांगते म्हनायची मी, त्यांनी बोलू दिलं न्हाई. आता रडू नको. घरात कुनी न्हाई, एकटी हाय. ये."

फैयाज गाडी काढतायत.