मायच्या पेशी पुण्यात

१२ जुलै, गोंडपिपरी
दुपारी पोचले. माय ओट्यावर. पाय सुजलेले, बोलताना दम. अटॅकला चार महिने झाले. आठवड्याची रजा मिळालीय.

१३ जुलै
आज तिला व्हिडिओ दाखवला. दोन वर्षांपूर्वी आमच्या संशोधनासाठी तिने रक्त दिलं होतं. त्यापासून मूळपेशी केल्या, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी. पुण्याच्या लॅबमध्ये बशीत धडधडतायत.
"हे मीच व्हय का?"
"तूच."
"मी तं इथी बसून राह्यली. थे तिकडं काऊन उडून राह्यल्या?"
सांगितलं, प्रत्येक पेशीत इवलीशी वीज असते. क्षार आत येतात, बाहेर जातात. बस.
"कोनं शिकवलं त्याईले?"
कुणीच नाही. पुढे किती तरी वेळ फोन तिच्या मांडीवर होता.

१५ जुलै
चंद्रपूर. इको. हृदयाचा मोठा भाग वणासारखा, मेलेला. डॉ. म्हणाले, ठोके अचानक बिघडू शकतात, गळ्याच्या हाडाखाली मशीन बसवा, वेळ आली तर शॉक देईल. परतताना बसमध्ये माय म्हणाली, "मशीन नाई पायजे. माह्याच पेशी टाक ना."
व्हिडिओ दाखवायलाच नको होता.

१६ जुलै
समजावलं. या पेशी कच्च्या आहेत. आपल्याच तालात चालतात. जुन्या हृदयात टाकल्या तर दोन ताल होतील, त्यात जीवही जाईल. आम्ही अजून बशीच्या बाहेर गेलो नाही.
"रोवलेलं धान बी आठ दिस पिवळं रायते. मंग धरते. तू तं धानाच्या बांधीत, चिखलात उतरलीच नाई."
"आणि त्या आठ दिवसांत तू गेलीस तर?"
ओरडलेच. नंतर मीच दोघींची ताटं वाढली.

१७ जुलै
दुपारी डोळा लागला. स्वप्नात पाण्याने भरलेली बांधी, प्रत्येक रोप थरथरतंय, शेजारच्याहून जरासं मागेपुढे. पाण्यावर वलयं. मी कुठेच पाय ठेवू शकत नव्हते, ठेवला की कुठलं तरी थांबेल... जाग आली तर मायचा हात पाठीवर. तिची नाडी माझ्या पाठीत की माझी तिच्या हातात, कळेना. तशीच पडून राहिले.

१८ जुलै
लॅबमधून मृणालचा फोन. मायच्या पेशींचा तुकडा दुसऱ्या हृदयपेशींच्या थरावर ठेवलाय. आज पहिल्यांदा दोन्ही एका तालात आले. थोडा वेळ. मग ताल पुन्हा फुटले.
मायला सांगू की नको? सांगितलं. फुटल्याचंही.
"पुन्हा धरतीन का?"
"माहीत नाई, माय."
तिने सुजलेले पाय ओट्यावरून खाली सोडले. मग म्हणाली, "तू खोटं नाई बोलली. मशीन बसवू. तवरी त्याईले शिकू दे."

२१ जुलै, चंद्रपूर
रजा वाढवली. सकाळी मशीन बसवायला आत नेण्याआधी तिने डॉ.ना विचारलं, "मी मशीनचं आयकाचं का मशीन माह्यं आयकन?"
"ती नुसती ऐकत बसेल, बाई. गडबड झाली तरच बोलेल."
"मंग माह्या पोरीपेक्शा गुनाची हाय."
सगळे हसले. मीही. दार लागलं.
मृणालचा मेसेज: नवा तुकडा ठेवलाय, बघू.
बाकावर बसलेय. माय अजून आत.