पदर कोणाच्या हुकमाने

मी साळूबाई, कै. कोंडिबा पाटोळे यांची विधवा, धर्माने ख्रिस्ती, वय अंदाजे बासष्ट, राहणार भोर, धरणाच्या रस्त्यालगत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाची भीती किंवा भीड न धरता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत आणि डोळे अधू झाले आहेत. डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काही जणांचे मत आहे, म्हणून हे वाक्य मुद्दाम लिहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मागच्या महिन्यात मंडळीचे धर्मगुरू, पाळक उपेंद्र ओहोळ बऱ्याच वर्षांनी माझ्या घरी आले. म्हणाले, बाई, तुमच्यामागे हे घर मंडळीला द्या, इथे उपासनामंदिर करू, कोंडिबांचे नाव राहील. मी चहा दिला, उत्तर दिले नाही. ते इथे लिहिते. मंडळीला माझे घर हवे आहे; त्याच घरात मी तोंड उघडलेले मात्र तिला नको होते. हे कसे घडले ते सांगितल्याशिवाय माझी वाटणी कोणाला समजायची नाही. म्हणून कलमांच्या मध्ये चार शब्द जास्त येतील. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

कलम १. माझी मिळकत म्हणजे हे राहते घर. पूर्वेस धरणाचा रस्ता, पश्चिमेस ठकुबाईचे परडे, दक्षिणेस ओढा, उत्तरेस मोकळी जागा. नगरकडून आम्ही नवराबायको भाटघरच्या धरणाच्या कामावर आलो. कोंडिबा दगड घडत, मी पाट्या वाहत असे. धरण झाले, बाकीचे लोक पांगले, आम्ही राहिलो. हे घर त्यांनी स्वतः दगड घडवून बांधले. पुढची खोली त्यांनी मोठी काढली, कारण भोरात आम्हा ख्रिस्ती लोकांना उपासनेला जागा नव्हती. नेमलेला उपदेशक कधीतरी येई. म्हणून रविवारी आमच्याच खोलीत लोक बसत.

कोंडिबांना वाचता येत नव्हते. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. मी शास्त्रातला पाठ वाचायची आणि ते आपल्या बोलीत उलगडून सांगायचे. त्यांचे ऐकून माणसे हसत आणि डोळेही पुसत. पण दगडाची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. आवाज हळूहळू गेला, बोलले की खोकल्याची उबळ येई. मग ते माझ्या कानात सांगत आणि मी मोठ्याने बोले. पुढे तेवढाही दम राहिला नाही. एका रविवारी त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "तूच बोल." मी बोलले. कोणी उठून गेले नाही. काही वर्षे असेच चालले आणि त्यात कोणाला पाप दिसले नाही.

कलम २. कोंडिबांच्या छिन्न्या, हातोडे, सुतकी आणि गुण्या ही सर्व हत्यारे ज्ञानूला द्यावी. तो त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि शेवटच्या दिवसांत त्यांना पाठीवर घेऊन उन्हात बसवत असे. हत्यारे मोडीत विकू नयेत एवढेच सांगणे.

कलम ३. पेटीत लाल कापडाचे एक नवे मुंडासे आहे. ते वेल्ह्याकडचे शेतकरी सोनबा यांना पोचवावे. ते बाजाराला भोरात येत तेव्हा आमच्या उपासनेत मागे टेकून बसत. बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण घ्यायच्या बेतात होते. तेवढ्यात पाळक ओहोळ नेमून आले. ते शिकलेले, झटणारे गृहस्थ. पटकीच्या साथीत ज्यांच्या दारात कोणी जाईना त्यांच्या उशाशी ते बसले, हे मी नाकारत नाही. माणूस वाईट असता तर मला सोपे गेले असते.

पहिल्याच रविवारी त्यांनी नियम वाचला. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले आहे, त्याप्रमाणे पुरुषांनी उपासनेत डोके उघडे ठेवावे आणि बायकांनी झाकावे. मग त्यांनी सोनबांना मुंडासे काढायला सांगितले. आमच्या डोंगराकडे माणूस डोके उघडे करतो ते मयताला. सोनबांनी इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "कोन मेलंय, पाळकसायेब?"

लोक खाली बघू लागले. पाळकसाहेबांनी समजावून सांगितले, पण सोनबा उठले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. एका माणसाला देवाच्या दारातून परत पाठवायला मुंडाशाचे एवढेसे कापड पुरले. ते माझ्याच घराचे दार होते आणि मी काही बोलले नाही, पाहुण्याचा मान म्हणून. सोनबांनी हे मुंडासे बांधूनच प्रार्थना करावी. करायची नसली तर नुसते बांधावे.

कलम ४. माझे पवित्र शास्त्र मुलगी शुभदा हिला. पाने सुटी झाली आहेत, करिंथकरांना लिहिलेल्या पत्राची जास्त.

ती का सुटी झाली ते सांगते. सोनबा गेल्यावर थोड्याच दिवसांनी पाळकसाहेबांनी दुसरा नियम सांगितला, की बाईने मंडळीत मोठ्याने प्रार्थना करू नये. मी त्यांना विचारले, पौल म्हणतो प्रार्थना करणाऱ्या बाईने डोके झाकावे, तर ती प्रार्थना करत होतीच ना? ते म्हणाले, पुढे चौदाव्या अध्यायात बायकांनी गप्प राहावे असे आहे. मी म्हटले, अकराव्यात बोलू दिले आणि चौदाव्यात गप्प केले, तर मधल्या दोन अध्यायांत बायकांनी काय केले? ते रागावले नाहीत. सगळ्या मंडळ्यांत हीच रीत आहे, ती मोडायचा मला एकट्याला अधिकार नाही, असे म्हणाले. ते खरेही असेल. पण रीत आहे म्हणणे वेगळे आणि देव म्हणतो म्हणणे वेगळे. त्यांनी दोन्ही एकाच तोंडाने सांगितले.

पुढच्या रविवारी मी पाठ वाचून नेहमीप्रमाणे प्रार्थनेला उभी राहिले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, खाली बसा. पुरुष हा स्त्रीचे मस्तक आहे."

भिंतीला टेकून बसलेले कोंडिबा दम घेत घेत बोलले, "म्हंजी म्या हिचं मस्तक?"

"हो."

"मंग मस्तक सांगतंय, हिनं प्रार्थना करावी. माजा हुकूम हाय."

लोकांना हसू आवरेना. पाळकसाहेब म्हणाले, नवऱ्याचा अधिकार घरात चालतो, उपासनेत मंडळीचा. कोंडिबा म्हणाले, हे घरच आहे, दगड मी बसवलेत. असे बराच वेळ चालले. मी दोघांच्या मध्ये शास्त्र उघडे धरून उभी. एकाने म्हणावे गप्प बस, दुसऱ्याने म्हणावे बोल, आणि दोघांनीही अधिकार दाखवावा माझ्यावर. तुला काय वाटते, बाई, असे त्या खोलीत एकानेही विचारले नाही. प्रार्थना कुठल्या कुठे गेली होती. मी शास्त्र मिटले आणि आत जाऊन चुलीपाशी बसले.

लोक गेल्यावर मी कोंडिबांना म्हटले, "तुम्ही हुकूम कशाला म्हणालात?"

"तुज्याच बाजूनं बोललो की."

"बाजूने बोललात. मला विचारलं नाहीत."

 मग म्हणाले, "मंग तुला काय पायजे?" आणि मला तेव्हा नीट सांगता आले नाही. नवरा आपल्या बाजूने भांडतो, आणखी बाईला काय हवे, असे मलाही वाटून गेले. आज सांगता येते, पण ऐकायला ते नाहीत. मला सांगण्यासारखे काही असले तर मी बोलावे, नसले तर गप्प बसावे. एवढेच हवे होते.

कलम ५. भाकर मळायची काथवट, तवा आणि पांढरे टेबलक्लॉथ यांपैकी काहीही मंडळीला देऊ नये. काथवट आणि तवा शेजारच्या ठकुबाईला द्यावा. टेबलक्लॉथ फाडून फडकी करावी.

डोक्यावर पदर मी लहानपणापासून घेते. आईने घेतला, मी घेतला, त्यात पौल कुठे नव्हता. पण त्या भांडणानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायकांच्या पदरावर उपदेश केला, की हा नवऱ्याच्या अधिकाराची खूण आहे.  माझ्या आईचा पदर, माझा पदर, आणि ही माणसे त्यावर आपले नाव घालत होती. मी उभी राहिले, पदर खांद्यावर घेतला आणि तशीच बसले. एक शब्द बोलले नाही. गप्प राहण्याचा नियम पाळलाच होता.

वडील मंडळींची, म्हणजे मंडळीच्या पंचांची, बैठक झाली आणि मला प्रभुभोजनातून, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर वाटून घेण्याच्या विधीतून, वगळले. माफी मागेपर्यंत, असे सांगितले. मी मागितली नाही. उपासना बाजारातल्या भाड्याच्या खोलीत गेली. आमची पुढची खोली रिकामी राहिली. कोंडिबा म्हणाले, तुला नाही तर मलाही नाही.

पण आजार वाढला तसे त्यांचे मन हळवे झाले. मरणाआधी प्रभुभोजन मिळावे अशी त्यांना आस लागली आणि पाळकसाहेब घरी आले. मी पीठ मळले, पोळी भाजली, टेबलक्लॉथ अंथरले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, कोंडिबांच्या तोंडात दिली, ज्ञानूला दिली आणि मला ओलांडून पुढे गेले. माझ्या घरात, माझ्या हातची भाकर. कोंडिबांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता ते घास काढून ठेवतील. त्यांनी गिळला.

नंतर ते रडले. मी पाणी दिले, पाठ चोळली. तू कोंडिबांना क्षमा केलीस ना, असे लोक मला विचारतात. मरणाऱ्या माणसाची भूक मला समजते. पण तो घास मला अजून गिळता आलेला नाही, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

कलम ६. माझी तांब्यापितळेची भांडी आणि शेळी हीसुद्धा ठकुबाईला. ती आमच्या धर्माची नाही. कोंडिबा गेले त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. पाळकसाहेब सारोळ्याच्या पलीकडे एका लग्नाला गेले होते आणि ओढे चढल्यामुळे अडकले. मयत ठेवता येण्यासारखे नव्हते. मंडळीचे पुरुष खड्ड्याभोवती उघड्या डोक्याने भिजत उभे राहिले. प्रार्थना कोणी करावी ते ठरेना. एक दुसऱ्याकडे बघे, दुसरा तिसऱ्याकडे. शेवटी ठकुबाई माझ्या पाठीशी येऊन म्हणाली, "अगं, त्यो तुजा मानूस हाय. तू बोल की."

मी पदर डोक्यावर घेतला आणि प्रार्थना केली. काय बोलले ते सगळे आठवत नाही. धुळीने भरलेली छाती आता मोकळी कर, असे काही देवाला म्हटले. पुरुषांनी आमेन म्हटले. त्या वेळी पदर कशासाठी घेतला, असे पुढे एका बाईने विचारले. माझा माणूस गेला होता म्हणून घेतला.

पाळकसाहेब परतल्यावर वडील मंडळींनी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी थडग्यापाशी येऊन पुरण्याचा विधी पुन्हा पहिल्यापासून वाचला, कारण आधीचा धरण्यासारखा नव्हता. मी गेले नाही. घरी भांडी घासत बसले, आणि एक तांब्या इतका घासला की त्याची कल्हई गेली. भांड्यांत तो निघेल, ठकुबाईने वाईट वाटून घेऊ नये.

कलम ७. मला कोंडिबांच्या शेजारी पुरावे. प्रार्थना ज्याला किंवा जिला करावीशी वाटेल त्याने किंवा तिने करावी, आणि ती एकदाच व्हावी.

कलम ८. घर माझी एकुलती मुलगी शुभदा हिला द्यावे. ती पुण्यात शाळेत शिकवते. तिचे यजमान शरच्चंद्र तिथल्या मंडळीत एक वडील पंच आहेत. घर शुभदाच्या एकटीच्या मालकीचे राहील, त्यावर तिच्या यजमानांचा किंवा कोणत्याही मंडळीचा अधिकार चालणार नाही. ~~अट अशी की, शुभदाने पुढच्या खोलीत दर रविवारी स्वतः मोठ्याने प्रार्थना चालवावी, आणि तिथे कोणाच्या डोक्यावर काय आहे हे कोणी पाहू नये.~~

वरची अट मीच खोडली आहे, त्याचे कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी खाडाखोडीचा वाद काढू नये.

वरील मजकूर लिहून झाला आणि शुभदा पुण्याहून आली. मी तिला वाचायला दिला. तिने शांतपणे सगळा वाचला. कोंडिबांच्या घासापाशी थांबली, डोळे पुसले, पुढे गेली. आठव्या कलमावर आल्यावर तिने कागद मांडीवर ठेवला.

"आई, घर नको असं नाही. पण ही अट काढ."

मी म्हटले, "नवऱ्याला घाबरतेस."

"थोडी घाबरते. पण ते कारण नाही. मला लोकांपुढे प्रार्थना करायला आवडत नाही. लहानपणापासून नाही आवडत. तू कधी विचारलं नाहीस."

मला संताप आला. मी काय काय सोसले ते तिला ऐकवले. तिने ऐकून घेतले, उलट बोलली नाही आणि मागणीही सोडली नाही. मग चूल पेटवायला आत गेली. मी कागद घेऊन बराच वेळ बसले. मला वाटत होते की माझ्यामागे या खोलीत माझ्या मुलीचा आवाज घुमावा. अजूनही वाटते. त्यासाठीच मी ही वर्षे काढली असे मला वाटत आले. पण ती पोरगी आत भाकरी थापत होती आणि मी बाहेर बसून तिने कधी बोलावे त्याचा हुकूम लिहीत होते.

अट रद्द. घर शुभदाचे. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे, पुढची खोली उघडावी की तिला कुलूप लावावे, हे तिचे ती ठरवील. मंडळीला द्यावेसे वाटले तरी तिला मोकळीक आहे. हे लिहिताना माझा हात राजी नाही, तरी लिहिले आहे.

व्यवस्था पाहण्याचे काम ज्ञानूने करावे. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला आणि खोडलेल्या ओळीशेजारी वेगळी सही केली. साक्षीदारांना यातले काही मिळायचे नाही, हे त्यांना सांगितले आहे. ते तरीही बसले आहेत.

सही : साळूबाई कोंडिबा पाटोळे

साक्षीदार :
१. चिमाजी सावळाराम खोपडे, राहणार भोर (सही)
२. गेनू रामजी बांदल, राहणार भाटघर (डाव्या अंगठ्याची निशाणी)

मुक्काम भोर, तारीख ९ फेब्रुवारी १९४१