डेरेकच्या शेडमधली आर्द्रता

मिल्टन कीन्स,
४ फेब्रुवारी २००६

ती. जयंतदादांना पद्माकरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमचा रक्तदाब, वहिनींची कंबर आणि गच्चीवरचं तुमचं पर्जन्यमापक (त्यावर ते कबूतर पुन्हा बसत नाही ना?) ही तिन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालतो. तुमची बहीण मजेत आहे. थंडीने तिचे गुडघे धरतात, तोंड धरत नाही. नात मायरा सात वर्षांची झाली आणि मराठीत मला "आजोबा, तू आली?" असं विचारते, मीही "हो, आली" म्हणतो. मिलिंद मात्र काळजीत असतो. इथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी त्याने नोव्हेंबरात अर्ज केला आहे, सगळ्यांचे पासपोर्ट होम ऑफिसात अडकलेत, आणि तोपर्यंत आपल्या नावावर एवढासाही डाग नको म्हणून तो राउंडअबाउटच्या गोल चौकात समोर कोणी नसलं तरी थांबतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मी सर्वस्वी निर्दोष आहे असं मिलिंदला अजून वाटत नाही.

दादा, तुम्ही वेधशाळेत माझे साहेब होतात, मेहुणे नंतर झालात, म्हणून तुम्हालाच हे कळेल. इथली माणसं हवेबद्दल दिवसभर बोलतात, पण आकडा विचारला की गप्प बसतात. मी आल्या आल्या बसस्टॉपवर एका बाईंना दवबिंदू सांगून पाहिला, त्या पुढच्या बसस्टॉपवर चालत गेल्या. असा महिना काढल्यावर एक डिसेंबरला मी वरच्या खिडकीत उभा होतो. बाहेर कडक कोरडी थंडी, गवतावर पांढरं हिव, आणि शेजारच्या परसातल्या लाकडी शेडची काच आतून घामेजलेली! नुसती धूसर नाही, तिच्यावरून ओघळ चाललेले. रिकाम्या शेडला घाम कशाचा? मी अर्धा दिवस कळ काढली. मग जेवण झाल्यावर कुंपणापाशी गेलो (चपलेत, म्हणून तुमच्या बहिणीचं बोलणं खाल्लं ते वेगळं).

शेड डेरेकची. हा गृहस्थ बस चालवायचा, आता घरीच असतो. त्याची बायको मॉरीन, तिला नसांचं काही दुखणं आहे, संध्याकाळ झाली की पाय काठीसारखे ताठ होतात आणि ती ओठ मिटून बसते. डेरेकने आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला की आत टोमॅटो आहेत, हीटर लावूनही पानांवर बुरशी चढते, दोन झाडं गेली, आता चारच उरली. डिसेंबरात टोमॅटो! मला विशेष वाटलं, पण परक्या देशात आपण किती बोलायचं. मी एवढंच विचारलं की आत आर्द्रता किती आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या मनातलं ओळखलं. मला ते फार बरं वाटलं.

मग काय! बागेच्या दुकानातून दोन साधे थर्मामीटर आणले, एकाच्या फुग्याला माझ्या जुन्या धोतराची मऊ पट्टी गुंडाळली, पट्टीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, आणि कोरडा-ओला तापमापक तयार. पहिली नोंद: कोरडा चौदा, ओला तेरा. म्हणजे आर्द्रता नव्वद टक्के! डेरेक बिचारा गरम करत होता, पण ओली हवा बाहेर जायला वाटच नव्हती, ती गार भिंतीला लागून पुन्हा पाणी होत होती. मी त्याला छताजवळ एक झरोका पाडायला लावला, एक जुना टेबलफॅन मंद ठेवला आणि भिंतींना आतून थर्माकोल मारून घेतला. दहा दिवसांत कोरडा अठरा, ओला तेरा, आर्द्रता सत्तावन्न. बुरशी थांबली. डेरेक मला प्रोफेसर म्हणू लागला (मी दुरुस्ती केली नाही). रोज मी कुंपणापाशी दिसलो की हातातलं टाकून विचारायचा, "प्रोफेसर, आजचा आकडा काय?" दादा, हे वाक्य ऐकायला मी दोन कोट आणि तीन मोजे चढवून जायचो.

नोंदी अर्थातच रीतसर ठेवल्या. (वेळेचा प्रश्न आला होता. आपली वेधशाळेची सकाळी साडेआठची वेळ इथल्या घड्याळात पहाटे तीनला पडते. पहाटे तीनला परक्याच्या परसात शिरलात तर दार उघडणार नाही, असं तुमच्या बहिणीने सांगितल्यामुळे इथलेच साडेआठ धरले.) रजिस्टर इंग्रजीत, दोन वेळा नोंद, खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ आणि आद्याक्षरं, तुम्ही शिकवलंत तसं. दर पंधरवड्याला एक गळलेलं पान नमुना म्हणून चिकटवायचो. लेबलवर तारीख, वेळ, कोरडा, ओला, ठिकाण म्हणून डेरेकचा घरनंबर पोस्टकोडासकट, निरीक्षक म्हणून माझं पूर्ण नाव आणि सही. वनस्पतीच्या रकान्यात लिहिलं होतं, "टोमॅटो, सांगितल्याप्रमाणे". निरीक्षकाने न पाहिलेली गोष्ट ठामपणे लिहू नये हेही तुमचंच.

आता मायरा. तिला शाळेतून पाच प्रकारची पानं जमवून आणायला सांगितलं. जानेवारीत! इथे एका झाडावर पान नाही. परसातून, चर्चच्या कुंपणावरून चार जमली, पाचवं काही मिळेना. तेव्हा या पोरीने मला न विचारता माझं रजिस्टर उघडलं, सात बोटांचं ते देखणं पान लेबलसकट सोडवलं आणि शाळेत नेऊन दिलं.

बाईंनी मिलिंदला ऑफिसात फोन केला. चांगल्या होत्या बिचाऱ्या, हसतच बोलल्या म्हणे. पान पाकिटात घालून परत दिलं, कोणाला दाखवलं नाही, पुढच्या वेळी कुठलंही दुसरं पान चालेल म्हणाल्या. (वर्गात एवढं परिपूर्ण लेबल दुसऱ्या कोणाचंच नव्हतं, असंही म्हणाल्या. मिलिंदने हे मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही तुमच्या बहिणीने खोदून विचारल्यावर.) मिलिंद दुपारीच घरी आला. पाकीट टेबलावर ठेवलं. तो गांजा होता, दादा. मुलाचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला होता. मी तिथे का गेलो, हे त्याने विचारलंच नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही सही का केलीत?"

सहीशिवाय नोंद ही नोंदच नव्हे, हे मी त्याला समजावणार होतो, पण तो खिडक्यांचे पडदे ओढत सुटला. पाच वर्षं या मुलाने इथे मान खाली घालून काम केलंय, आणि बापाने आपल्याच अक्षरात, पोस्टकोड घालून, गुन्ह्याचा पत्ता लिहून शाळेत पाठवला. मला फार वाईट वाटलं. मी शब्द दिला की त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल ठेवणार नाही आणि रजिस्टर नष्ट करीन. मिलिंदने ऑफिसातलं कागद कापायचं यंत्र मागून आणलं. यंत्राचा बराच वेळ आवाज झाला, मग तो शांतपणे चहा प्यायला. २९ जानेवारीला नोंदी संपल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा फाडला नव्हता. असो. वहिनींना नमस्कार सांगावा, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही तसाच ठेवावा.

आपला,
पद्माकर

ता. क. सोबतच्या पार्सलात लाडवांच्या डब्याखाली रजिस्टर आहे. यंत्रात गेली ती सुपरमार्केटची दोन महिन्यांची पत्रकं. एकोणसाठ दिवस, एकशे अठरा नोंदी. तुमच्या कपाटात ठेवा. १४ जानेवारीचा हिशेब एकदा तपासा, मला तिथे शंका आहे.

ता. क. २. आपण दोघं नाशिकला नेमणुकीवर असताना महाशिवरात्रीला त्या गोसाव्यापाशी जाऊन बसलो होतो, आणि तुम्ही तीन तास वाऱ्याची दिशा सांगत होतात, ते वहिनींना अजून ठाऊक नाही. तेव्हा तुमच्यापुढे टोमॅटोची बतावणी काय कामाची? शेडचं दार उघडलं त्याच क्षणी मी वास ओळखला. पण निवृत्त होऊन सात वर्षं झाली, आणि सात वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी आकडा विचारला होता. मला नाही म्हणवलं नाही.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. तिकडे माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत हिरव्या पिशवीत दुर्बीण आहे. मिलिंदच्या ऑफिसातला अपूर्व अठरा तारखेला पुण्याहून निघतोय, त्याच्याकडे द्या. मिलिंदला मी पक्षी पाहणार असं सांगितलंय. शब्द मी पाळला आहे, शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. तुमची बहीण मात्र मॉरीनच्या पायांना तेल लावायला रोज जाते (तेलाच्या बाटलीला धोतराची पट्टी गुंडाळून नेते, तिने कोणालाच शब्द दिलेला नाही), आणि ती जाऊ लागल्यापासून डेरेक सकाळ-संध्याकाळ शेडच्या काचेला आतून आकड्यांची पाटी लावतो. मी वरच्या खिडकीतून वाचतो. पण काल ओल्याचा आकडा तेरा होता की अठरा, काही केल्या दिसेना. तेरा असेल तर सत्तावन्न टक्के. अठरा असेल तर शंभर टक्के, म्हणजे शेडमध्ये ढग, आठवड्यात बुरशी, आणि त्या औषधावाचून मॉरीन पुन्हा ओठ मिटून बसणार. नव्या वहीवर मी "पक्षीनिरीक्षण" असं लिहिलंय. कालच्या पानावर कोरडा पक्षी अठरा आहे. ओल्या पक्ष्याची जागा रिकामी ठेवून खाली सही केली आहे.