चौथ्या बाजूची भिंत

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

'आता इकडेच राहायला ये' हे तुझं पत्र शेजारच्या शिंपीकाकांनी वाचून दाखवलं आणि वर मलाच दटावलं, जा म्हणून. हे मात्र कागदावर पट्टी धरून मी स्वतः लिहितोय. ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील तर सांभाळून घे.

डॉक्टर म्हणतात, उरलीसुरली नजर उन्हाळ्यापर्यंतची. पण या खोलीत मला डोळे लागतच नाहीत. पलंग ते दार सात पावलं, दार ते शेगडी चार. तुझ्याकडे मी हात पुढे करून चाचपडत फिरणार. तीस वर्षं नाटकाचं नेपथ्य लावलं. ब्लॅकआउटमध्ये, पडदा न पाडता, अख्खा दिवाणखाना उभा केला आणि कशाला कधी धडकलो नाही. आता तुझ्या पोरांसमोर धडकायची लाज वाटते गं. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

शिंपीकाकांनाही नमस्कार. त्यांना म्हणावं, हे मोठ्यांदा वाचा.

लाज वाटते म्हणे! आपल्या त्या दिवाणखान्याच्या नाटकात, पहिल्या प्रयोगाला, दुसऱ्या अंकात मी टेलिफोन मंचावर ठेवायलाच विसरले. बिचाऱ्या नायकाने रिकामी मूठ कानाला लावून संभाषण रेटलं. मी विंगेत रडत होते आणि तू तोंडात पंचा कोंबून हसत होतास. पुढे चारशे प्रयोग रंगवस्तू मीच सांभाळल्या ना?

तर ऐक. चार दिवस मी आणि तुझे मेहुणे फर्निचर ओढतोय. ते आता कंबर धरून बसलेत. तुझा त्या नाटकाचा आराखडा माझ्या ट्रंकेत होता. त्यावरून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि आमचा हॉल तुझा दिवाणखाना करून टाकला. उजव्या विंगेच्या जागी दार. तिथून तीन पावलांवर सोफा, पुढे दोन पावलांवर टेलिफोनचं टेबल. डाव्या विंगेत तुझी खोली. पोरांना ताकीद दिलीय, खुर्ची इंचभर हलली तर माझ्याशी गाठ आहे.

एकच जमलं नाही. प्रेक्षक बसायचे त्या बाजूला आमची भिंत आहे. ती काही मला पाडता येत नाही. ये रे दादा. तुझ्याशिवाय त्या दिवसांचं बोलायला मला कोणी उरलं नाही.

तुझी,
धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

काकांनी पत्र चारदा वाचलं. शेवटी मी खोलीत मधोमध उभा राहिलो आणि ते वाचतील तसा चालत गेलो. इतक्या वर्षांनी ओल्या रंगाचा वास आला. डोळे भरून आले, तेवढं काम ते अजून करतात. सोफा मात्र चौथ्या पावलावर हवा. आराखड्यातलं तिसरं पाऊल दिग्दर्शकाचं, मी रोज सोफा गुपचूप एक पाऊल पुढे सरकवायचो.

भिंतीचं सांगतो. पावलं मोजून जागा कळायची हे खरं, पण अंधारात आपलं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे मला प्रेक्षकांच्या खोकण्यावरून कळायचं. हे आजवर कोणाला बोललो नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. काका बसवून देतील. मेहुण्यांच्या कंबरेला शेक दे, त्यांना माझा नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

त्या भिंतीला टेकून तुझी खुर्ची ठेव. मी दारातून आत आलो की हात धरायला धावू नकोस. बसल्या जागेवरून नुसतं एकदा खोक.

तुझा,
दादा