बॉयलर खोलीतली किरकोळ आग

अब्बा, दुसऱ्या महायुद्धातल्या तुमच्या जहाजाचा इतिहास मागल्या जुम्याला मी नातीकडून वाचून घेतला. इथे जेद्दातल्या इंडियन शाळेत ती नववीला आहे. शाळेत प्रोजेक्ट होता, म्हणून मी तिला जहाजाचं नाव सांगितलं आणि तिने ते लॅपटॉपवर शोधून काढलं. इंग्लंडातल्या कोण्या म्हाताऱ्या गृहस्थाने अशा जहाजांचे इतिहास लिहून ठेवलेत. जहाज कुठे बांधलं, तोफा किती, कोणकोणत्या व्यापारी ताफ्यांना पाणबुड्यांपासून सांभाळत नेलं, एकूण एक कप्तानाचं नाव, त्यांतल्या एकाला मिळालेलं पदकसुद्धा. नात इंग्रजीत वाचायची, मग मला हिंदीत सांगायची. आता तुमचं येईल, आता येईल, म्हणून मी कान देऊन बसलो होतो.

आलं ते असं : जेद्दासमोर दोन दिवस नांगर, विशेष काही नाही. विशेष काही नाही! अम्मीने मला सांगितलं होतं, मक्का इतकी जवळ आली म्हणून तुम्ही उतरायची परवानगी मागितली होती आणि साहेबाने हसून तुम्हाला परत खाली बॉयलरपाशी धाडलं होतं. ज्या किनाऱ्यावर तुम्हाला पाय ठेवू दिला नाही, तिथे मी अडतीस वर्षं पंप दुरुस्त करून पोट भरतोय. पुढची ओळ एडनच्या अलीकडची. बॉयलर खोलीत किरकोळ आग, लगेच आटोक्यात. आग विझवण्याचं पाणी शिरल्याने अधिकाऱ्यांचा ग्रामोफोन निकामी.

"एवढंच? आणि माझे अब्बा?" मी विचारलं.

"दॅट्स ऑल, दादा. आगे दूसरा कॉन्व्हॉय है."

ग्रामोफोनची नोंद आहे, अब्बा. बॉयलरची आग सांभाळणाऱ्या ज्या आगवाल्याने तेलाचा तापून लाल झालेला व्हॉल्व्ह उघड्या हाताने फिरवून बंद केला, म्हणून ते जहाज पुढचे ताफे सांभाळायला उरलं, त्याची नाही. आग आपोआप आटोक्यात आली म्हणे! ती किती किरकोळ होती ते त्या गृहस्थाला मी दाखवलं असतं. तुमच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. पेला धरता येत नव्हता, आणि अम्मी तुम्हाला सार-भात कालवून चमचा डाव्या हातात द्यायची.

मी दहा वर्षांचा आहे. शेजारच्या गावात लग्न आहे आणि तुम्ही चौघांबरोबर एका थाळ्यावर बसला आहात. घाईत चमचा घरी राहिलाय, म्हणून तुम्ही डाव्या हाताने घास उचलता. समोरचा दाढीवाला म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "डाव्या हाताने जेवतोस? तो शैतानाचा हात!" तुम्ही घास थाळ्यात परत ठेवता. मी ओरडतो, "त्यांचा हात लढाईत जळलाय!" तर तुम्ही माझंच बखोट धरून मला मांडवाबाहेर काढता. वाटेत मी रडत होतो आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "मोठ्यांना उलट बोलायचा नाय. झाला ता झाला." त्यानंतर तुम्ही कुठल्याही लग्नाला घरूनच जेवून जायचात. तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला तेव्हा राग आला होता, अजून येतो. तुम्ही गप्प बसलात म्हणून ग्रामोफोनवाल्यांचं फावलं.

मी गप्प बसलो नाही. नातीला समोर बसवून त्या गृहस्थाला पत्र लिहवून घेतलं. सगळं सांगितलं, तुमचं नाव, गाव, हात. तीन दिवसांत उत्तर आलं. भाषा फार गोड. वडिलांची हकिगत वाचून गहिवरून आलं, पण घरच्या आठवणींवरून नोंद बदलता येत नाही. त्यांची सेवापुस्तिका किंवा जखमेचा दाखला पाठवलात तर नाव आनंदाने घालीन. मी इतका चिडलो की नातीने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. आमच्या माणसाने हात दिला, आणि दाखला आम्हीच द्यायचा!

"दादा, पेपर्स हैं ना अपने पास?" तिने विचारलं.

होते, अब्बा. सेवापुस्तिका होती, तुमच्या टोपीतल्या फोटोसकट. एडनच्या इस्पितळाचा दाखलाही होता. तुम्ही गेल्याला तीन वर्षं झाली होती. माझा सौदीचा व्हिसा आला आणि कपडे न्यायला मला तुमची ट्रंक हवी होती. स्वयंपाकघरात बसून मी ती रिकामी केली. अम्मी म्हणाली, "ते राहू दे रे, तुझ्या बापाची निशाणी हाय." मी म्हणालो, "कोण वाचणार आहे हे आता?" आणि समोर चूल पेटलेली होती, तिच्यात ते कागद घातले. त्याच चुलीवर चहा झाला, तो मी प्यालो.

नातीला मी सांगितलं, कागद पुरात वाहून गेले. तिने तसंच इंग्रजीत लिहिलं आणि पाठवण्याआधी मला विचारलं, "सेंड करूं?" मी म्हटलं, थांब. चार दिवस झाले, ते पत्र तसंच पडून आहे, आणि हे तुम्हाला लिहितोय तेही आता त्याच्यासारखंच पडून राहील. आपलं घर टेकडीवर आहे, अब्बा. तिथे पूर कधी आला नाही.