पाण्यातला माणूस बाहेर येईपर्यंत

२ जून
आलो एकदाचा! होनोलुलूच्या कचेरीत बसून बूड दुखायला लागलं होतं. आता या बेटावर काळ्या लाव्ह्याच्या किनाऱ्यावरची नऊ मैलांची पायवाट राखायची. जोडीदार नाहोआ इथलाच. माझे नवे बूट बघून म्हणाला, "लग्नाला आलायस काय रे? हा दगड चार दिवसांत बुटांचे तळ खातो." त्याच्या बायकोनं, हाउनानीनं, पोई, म्हणजे अळूच्या कांद्याची लापशी, आणि मासे पोटभर वाढले. त्यांची लेक आठ तारखेला वर्षाची होणार. सगळ्या गावाला जेवण आहे.

४ जून
वाटेवरचे ढासळलेले खुणेचे दगड पुन्हा रचले. दुपारी नाहोआ कड्याखाली उतरला, मेजवानीसाठी ओपिही काढायला. खडकाला चिकटलेल्या या शिंपल्या दोन लाटांच्या मधल्या वेळात सुरीनं उचकटायच्या. एक पिशवी भरून त्यानं वर दिली आणि पुन्हा उतरला. जाताना बजावलं, पाण्यातला माणूस बाहेर येईपर्यंत वरच्यानं एकही खायची नाही, दर्या खवळतो. मी म्हटलं, मला नको शिकवूस, मीही इथल्याच रक्ताचा.

मग एक खाल्ली. भूक लागली होती, दुसरं काही नाही.

सपाट दर्या उभा राहिला. नाहोआ दिसेनासा झाला.

५ जून
सगळ्यांना सांगितलं, तो वर आला होता, नंतर वाटेवरून पाय घसरला. हाउनानीनं तोंडावर विचारलं, तू खाल्लीस का? नाही म्हणालो. माझी मलाच किळस आली. तिनं पिशवी बर्फात ठेवली.

६ जून
एकटाच शोधायला गेलो. खाली खडकावर नाहोआ, पाठमोरा. सुरीची खरखर. लाट डोक्यावरून जाते, तो तिथंच, काढतोय. हाका मारल्या — वळला नाही. अजून बाहेर आलेलाच नाही —

७ जून
शोध थांबवला. हाउनानी म्हणते, बापानं लेकीसाठी काढल्यात, तिच्या तोंडात पहिला घास त्याचाच. तो वर आला होता, म्हणजे खायला हरकत नाही. माझ्या शब्दावर म्हणते. सांगायला हवं. भीती वाटते.

८ जून, दुपार
अंगणात सगळं गाव. पिशवी उघडली. म्हाताऱ्यांनी एकेक खाल्ली —

दर्या मागे गेला. पार मागे, तळ उघडा — आणि त्याच्यामागे काळी भिंत —

ओरडतो, गर्जनेत कुणाला ऐकू येत नाही. हे पान फाडून तिच्या हातात —

हाउनानी, तो वर आलाच नव्हता. मी खाल्ली होती. पोरीला घेऊन डोंगराकडे पळ, तिला भरवू न—