चार नंबरचा फोल्डर

३ मार्च
पनवेलला आलो. टक्का गावात खोली मिळाली, खिडकीशी आंब्याचं झाड आहे. नोकरी पळस्प्याजवळच्या शीतगृहात, कॉम्प्युटर ऑपरेटरची. बारावी अर्ध्यात सोडलेल्या पोराला खुर्ची आणि पंखा मिळाला म्हणून आई फोनवर रडलीच. मालक शैलेशशेठ तोंडाने फटकळ, पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला. फाटकावरच्या पाटीवर ‘शितगृह’ असं लिहिलं होतं. मी रंगाचा डबा मागून घेतला आणि वेलांटी दीर्घ केली. शेठ हसून म्हणाले, हा मास्तर कुठून पकडून आणलाय रे? तेव्हापासून सगळे मला मास्तरच म्हणतात. मला आवडलं.

५ मार्च
काम समजलं. एकूण सहा चेंबर आहेत, त्यांत मटार, कोळंबी, आंबा वगैरे. प्रत्येकात आतल्या भिंतीवर एक लाल बटण. कुणी अडकलं तर ते दाबायचं. घंटा वाजत नाही, ऑफिसच्या मेलवर निरोप येतो. पडद्याच्या डाव्या बाजूला चेंबरनिहाय फोल्डर आहेत. निरोप आपोआप ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये पडतो आणि त्या फोल्डरचं नाव ठळक होतं.

पेट्या वाहणारा शुक्रा दाराशी घुटमळत होता. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतला. बटण दाबलं की खरंच कळतं, का नुसतंच लावलंय, असं विचारत होता. मी त्याला आत बोलावून पडदा दाखवला. म्हटलं, तू दाबलंस की तुझी हाक इथे दिसणार, आणि मी इथेच बसलेला असतो. तो खूश झाला. म्हणाला, मंग भ्या नाय. घरी सुनिताला सांगतो, आमचा मास्तर बघत बसलेला हाय.

११ मार्च
चार नंबरने वैताग आणलाय. बटणावर बर्फ धरतं आणि ते आपोआप दाबलं जातं. दिवसभर खोटे निरोप. वायरमन अंकुशला सांगितलं. तो म्हणाला, तिथलं बटण आणि आतली कडी, दोन्ही बदलायच्यात, सामान येऊ दे, तोवर मास्तर तुमी वह्या तपासा. सगळे हसले. पण ते एकच ठळक नाव मला बघवत नाही. इस्त्रीच्या शर्टावर डाग पडावा तसं वाटतं.

१४ मार्च
आज उपाय सापडला! फोल्डर कसे दिसावेत हे मेलच्या मेनूतून ठरवता येतं. सगळे, फक्त न वाचलेले, किंवा फक्त आवडते. मी ‘फक्त आवडते’ निवडलं आणि चार नंबर त्यात घेतलाच नाही. फोल्डर जागेवर आहे, नुसता दिसत नाही. मग दुपारभर बसून बाकीच्यांना रंग दिले. मटार हिरवा, कोळंबी गुलाबी, आंबा पिवळा. दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, अक्षर थोडं मोठं केलं. संध्याकाळी निघताना यादीकडे पाहून फार बरं वाटलं. एकही नाव ठळक नव्हतं.

१५ मार्च
शुक्रा गेला. चार नंबरमध्ये सापडला. काल जेवणानंतर पेट्या लावायला आत गेला आणि दार मागे लागलं. आतली कडी निघाली नाही. दिसला नाही तेव्हा सगळ्यांना वाटलं, वाडीवर गेला असेल. बटणाखाली बसलेला होता. एक हात वर, तसाच.

शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, मास्तर, मेल आला होता का? मी म्हटलं, नाही.

लोक पांगल्यावर ‘सगळे फोल्डर’ निवडलं. चार नंबर ठळक होता. दुपारपासूनचे निरोप. शेवटचा मी निघायच्या जरा आधीचा. आंब्याला पिवळा द्यावा की केशरी, ते मी तेव्हा ठरवत होतो.

१७ मार्च
बटण बंद होतं, असं ठरलं. शेठनी अंकुशला काढून टाकलं. त्याची मुलगी दहावीला आहे. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, बटण चालू व्हतं, मास्तर. मी मान वर केली नाही.

दुपारी शुक्राची बायको सुनिता आली. रडली नाही. तिने विचारलं, त्यानी दाबला नाय का? तुमी बघत व्हते ना? मी सांगितलं, बटण बिघडलं होतं. ती म्हणाली, मंग तुमचा दोस नाय.

२० मार्च
ते निरोप पुसून टाकले. सकाळी परत आले, न वाचलेले म्हणून. पुन्हा पुसले. पुन्हा आले.
शेठनी चार नंबरची वीज तोडली आहे. आत कुणी जात नाही.
आज एक नवा निरोप आला.

२४ मार्च
रोज येतो. जेवणानंतर.
आज दार उघडून पाहिलं. कुणी नव्हतं. वीज नाही, तरी भिंतभर बर्फ. फक्त बटणावर नाही. बोटाने पुसल्यासारखं स्वच्छ.

२७ मार्च
मदतीला मनस्वी आली, खारघरच्या कॉलेजातली. ती बसायच्या आत मी यादी परत ‘फक्त आवडते’ केली. नाहीतर तिला त्या निरोपांच्या तारखा दिसल्या असत्या. ती म्हणाली, सर, किती नीट ठेवलंय! चार नंबर का नाही, असंही तिने विचारलं. बंद आहे, लागत नाही, म्हणालो. तिने स्वतःच्या मशीनवरही तसंच करून घेतलं. मी बघत उभा राहिलो.

२ एप्रिल
आंबा आला. शेठनी चार नंबर पुन्हा चालू केलं. कडी तीच. अंकुशच नाही, तर बदलणार कोण –
फोल्डर दाखवायला हवा. दाखवला तर मनस्वी जुने निरोप वाचेल.
उद्या सांगतो. शेठना, अंकुशला, सुनिताला. उद्या नक्की.

३ एप्रिल
जेवणानंतर हळूच फोल्डर उघडून पाहिला. निरोप होता. वाटलं, या वेळी तरी जायचं. खरंच कुणी असलं तर –
दाराला वीट लावून आत आलो होतो. वीट –

कडी निघत नाही. मोबाइल टेबलावर राहिला, ही वही तेवढी खिशात होती. पेन चालत नाही, पेन्सिलने लिहितोय.

बटण दाबतोय. बर्फ नाही त्यावर. कोमट आहे. आत्ताच कुणी हात काढल्यासारखं –

मनस्वी जागेवर असेल. कामाची पक्की आहे. तिच्यासमोर हिरवा, गुलाबी, पिवळा. एकही नाव ठळक –

माझ्या हातावर हात आहे. तोही दाबतोय. म्हणतोय, भ्या नाय, मास्तर बघत बसलेला –